शितावरून भात, कागदावरून हिरा!

परवा धाकट्याच्या साखरपुड्यासाठी अंगठी घ्यायला आम्ही सगळे भंडाऱ्याहून नागपूरला गेलो. दुकानदाराने दोन हिरे पुढे केले. दिसायला जुळे भाऊ, पण 'व्हीव्हीएस'वाला 'एसआय'वाल्यापेक्षा बराच महाग. म्हटलं, फरक दाखवा. त्याने भिंग दिलं. म्हटलं, भिंगाशिवाय? तर म्हणाला, "साहेब, सर्टिफिकेटवर आहे ना!"

आमच्या धानाच्या जिल्ह्यात बायका मूठभर तांदूळ आधी शिजवून बघतात, मग पोतं घेतात. आणि हिरा मात्र कागद वाचून घ्यायचा?

आता जरा स्पेसिफिकेशन बघू. क्लॅरिटीच्या ११ पायऱ्या ठरतात त्या दहापट भिंगाखाली. 'एसआय'मधला डाग बहुतेक वेळा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. रंगाची 'डी' ते 'झेड' श्रेणी लावतात ती हिरा उलटा ठेवून, नमुन्याच्या हिऱ्यांशी ताडून. तुमची होणारी सून काय अंगठी उलटी घालणार आहे?

डोळ्यांना दिसतो तो कट. पैलू नीट असतील तर वरून शिरलेला उजेड आत फिरून वरच परत येतो. हिरा फार उथळ किंवा फार खोल असेल तर तोच उजेड बुडातून गळतो आणि हिरा मेलेला दिसतो. खोल हिऱ्याचं वजन मात्र जास्त भरतं. म्हणजे कॅरटचे पैसे मोजायचे तुम्ही, आणि ते वजन लपलेलं बुडात!

वजनाचा मोह सोडायचा कसा, ते नाशकाच्या हिऱ्याकडे बघा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो इंग्रजांच्या हाती लागला. पुढे १९४० मध्ये हॅरी विन्स्टनने घेतला तेव्हा साधारण ८० कॅरटचा होता. त्याने पैलू नव्याने पाडून ४३.३८ कॅरटवर आणला. जवळजवळ निम्मा हिरा घालवला, कशासाठी? तेजासाठी.

"पण निर्मळ हिरा दुर्मिळ असतो, म्हणून महाग," हे मान्य. मग ती दुर्मिळता विकताना का आटते? बाबांनी तेच विचारलं, "वापस आनला तं किती द्याल?" उत्तर आलं: याच दुकानात, बिल असेल तर, कपात करून. बाबा हसले. भंडाऱ्यात पितळेचा फुटका गुंड कुठल्याही दुकानात न्या, मोडीचे पैसे वजनावर रोख मिळतात. तिथे सर्टिफिकेट कुणी मागत नाही.

असो. शेवटी आम्ही 'एसआय'च घेतला, पण उत्तम कटचा. तुम्ही जाल तेव्हा तीनच गोष्टी करा. गोल हिऱ्याच्या कागदावर आधी कटची श्रेणी वाचा. हिरा दुकानातल्या दिव्यांखालून काढून खिडकीशी नेऊन बघा. आणि मोडीचा भाव लेखी मागा. त्यावर दुकानदाराचा चेहरा पडला तर समजा, शीत कच्चं आहे.