घर कोण चालवतं?

मंगळवारी दुपारी शेजारच्या वहिनी अमीरपेटहून परतल्या आणि स्वतःच्या घरी न जाता थेट माझ्याकडे आल्या. या वहिनी जेवणाचे डबे करून देतात. चप्पल काढता काढता म्हणाल्या, "मला दारातूनच परत पाठवलं हो." आणि गप्प बसून राहिल्या. मी इतकी वर्षं त्यांना ओळखते, त्या गप्प बसलेल्या मला पाहवत नाहीत.

अमीरपेटला चहाच्या एका कंपनीसाठी आठ बायकांना एका खोलीत बसवून दोन तास बोलतं करायचं होतं. याला फोकस ग्रुप म्हणतात. रॉबर्ट मर्टन आणि पॉल लाझार्सफेल्ड या समाजशास्त्रज्ञांनी 1941 साली कोलंबिया विद्यापीठात रेडिओच्या श्रोत्यांना कार्यक्रम ऐकवले, त्यांना आवड-नावड दाखवायला बटणं दिली आणि मग असं का वाटलं ते विचारलं. तिथून ही पद्धत निघाली. हैदराबादेत अशा बैठका बऱ्याच होतात आणि येणाऱ्याला पाकीट मिळतं. वहिनींना हजार रुपये मिळणार होते. नातीच्या शाळेच्या रिक्षाचे पैसे त्यातून सुटले असते.

बायका गोळा करणारी आपा आमच्या काचीगुड्यात सगळ्यांच्या ओळखीची. "आंटी, दो घंटे बैठना, चाय पे बात करना, बस. पैसे हाथ में मिलते." मग फॉर्म काढला. घरात कमावतं कोण, या प्रश्नावर वहिनी म्हणाल्या, "मी. डब्यांवरच घर चालतं." आपाने मान हलवली. "नै आंटी, अंकल का लिखते. ग्रुप ए क्लास का है." आणि भाऊजींची बीकॉमची पदवी लिहून टाकली. भाऊजी निवृत्त आहेत, पेन्शन तुटपुंजी आहे. पुढे अशा बैठकांबद्दल बजावलं, "छे महिने में कहीं गए क्या पूछे तो नै बोलना."

इथे मला राहवत नाही. बाजार संशोधनवाल्यांनी 2011 साली घराचा वर्ग ठरवायची जी रीत आणली, तिच्यात दोनच गोष्टी पाहतात: घरखर्चाला सर्वांत जास्त हातभार लावणाऱ्या माणसाचं शिक्षण, आणि ठरवून दिलेल्या अकरा गोष्टींपैकी घरात किती आहेत. तो माणूस पुरुषच असला पाहिजे असं त्यात कुठेही नाही. पण फॉर्म भरणाऱ्या हाताला सवय अंकलची. त्या यादीत पंखा आहे, फ्रीज आहे, वॉशिंग मशीन, मोटार आणि शेतजमीनही आहे. म्हणजे वहिनींची देगलूरकडची तीन एकर कोरडवाहू, जिने गेली कित्येक वर्षं घरात पोतंभर ज्वारीही आणली नाही, ती मोजली गेली. रोज साठ डब्यांचं वाटण करणारा ग्राइंडर मोजला गेला नाही. या घरातलं कमावतं यंत्र तेवढं एकच आहे.

मंगळवारी वहिनी दुपारचे डबे जाऊबाईंवर टाकून निघाल्या. सुलतान बझारहून मेट्रो, एमजीबीएसला गाडी बदलून अमीरपेट, पुढे ऑटो. दारात एका मुलीने तेच प्रश्न पुन्हा विचारले. बरोबरच आहे, फॉर्म खरा की खोटा हे तपासायचंच असतं. "घरखर्च कोण चालवतं?" "मी." "तुमचं शिक्षण?" "दहावी." मुलीने कागदावर रेघ मारली आणि सॉरी म्हणाली. येण्याजाण्याचा खर्चही दिला नाही. सोबत आलेल्या दोघींनी पढवलेलं सगळं म्हटलं, त्या आत जाऊन बसल्या.

आपावर माझा राग नाही. तिला माणशी पैसे मिळतात, रिकाम्या खुर्चीचे मिळत नाहीत, आणि तिचंही घर तिच्याच कमाईवर चालतं. राग आहे तो त्या बैठका भरवणाऱ्यांवर. खुर्च्या भरल्या की त्यांचं काम झालं. खरं बोलणारी बाहेर, पढवलेल्या आत, आणि त्यांच्या दोन तासांच्या बोलण्यावरून उद्या चहाची किंमत ठरणार, पाकीट ठरणार. वहिनी दिवसाला दोनदा बारा-बारा कप चहा करतात. कोणती पावडर कडक उतरते, कोणती दुसऱ्या उकळीला फिकी पडते, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणाला सांगता आलं असतं?

आपल्यातल्या बऱ्याच जणी हल्ली असं जाऊन चार पैसे मिळवतात. जरूर जा, हा कष्टाचाच पैसा आहे. पण फोन आला की आधी विचारा: दारातून परत पाठवलंत तर येण्याजाण्याचा खर्च देणार का? हो म्हणाले तरच घराबाहेर पडा. आणि घर कोण चालवतं असं विचारलं, आणि ते तुम्ही चालवत असाल, तर "मी" असंच लिहायला लावा.