पहिली दोन वर्षे

निलगिरी कुठेही, कशीही वाढते, हा समज आपल्याकडे पक्का आहे. ब्राझीलच्या सेरादो पठारावरच्या लागवडी पाहिल्या, की तो टिकत नाही. तिथली लाल माती खोल, पण आम्ल आणि स्फुरदाच्या बाबतीत कमालीची गरीब. जे थोडे स्फुरद मिळते, तेही लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे धरून ठेवतात. म्हणून तिथे सुपर फॉस्फेट रानभर फेकण्यापेक्षा रोपाजवळ देणे फायद्याचे ठरते. सुरुवातीला मुळांचा पसारा असतो तो केवढासा! बोरॉन अगदी थोडे लागते, पण ते कमी पडले तर कोरड्या हंगामात शेंडाच वाळतो आणि सरळ वाढायचे झाड फाटे फोडते.

नत्र आणि पालाश मागाहून, हप्त्याहप्त्याने. एकदा फांद्या एकमेकींना भिडल्या, की गळलेला पाला कुजून अन्नद्रव्ये परत मिळू लागतात आणि खताचा परिणाम घटतो. ६-७ वर्षांत तोडणीला येणाऱ्या झाडाच्या आयुष्यात हा सुरुवातीचा काळ फार मोलाचा. तण न काढता खत टाकणे तर मला सरळ नासाडी वाटते; ते आधी गवतच खाते.

सालीबद्दल मात्र आग्रहाने लिहायला हवे. निलगिरीच्या सालीत कॅल्शियम भरपूर असते. लाकडाबरोबर तीही कारखान्यात गेली, तर ते कॅल्शियम पुढच्या लागवडीला विकत आणून घालावे लागते. तोडणीनंतर साल, पाने, डहाळ्या रानातच पसरून ठेवाव्यात, जाळू नयेत.