क्षमापना : उंबऱ्यापर्यंत जाऊन

संवत्सरीचे प्रतिक्रमण आटोपते आणि घरोघरचे मोबाईल वाजू लागतात. जोडलेल्या हातांचे चित्र, त्याखाली ‘मिच्छा मि दुक्कडं’ आणि शेवटी समस्त परिवाराची नावे. एका बोटाच्या स्पर्शाने चारशे जणांची क्षमा मागून होते. त्या चारशेंमध्ये वर्षभर गोडीने व्यवहार झालेला आडत्या असतो, आणि ज्याच्या घराची पायरी कित्येक वर्षांत चढलेली नाही असा सख्खा भाऊही असतो. दोघांनाही तेच चित्र जाते.

अशाच एका घरातील ही हकीकत. तालुक्याच्या गावी दोन भावांची किराणा-भुसाराची पेढी होती. वाटणीच्या वेळी मागच्या गोदामावरून शब्दाने शब्द वाढला आणि धाकट्या बंधूंनी जिल्ह्याच्या ठिकाणी वेगळे दुकान थाटले. अंतर अवघे साठ किलोमीटर; पण पाच वर्षे जाणे-येणे नाही. दर संवत्सरीला धाकट्यांचा संदेश जाई आणि थोरल्यांच्या फोनवरून जोडलेल्या हातांचे उत्तर येई. मध्ये दोन-तीनदा धाकट्यांनी फोन केला, तो उचलला गेला नाही. ‘दादांचा राग गेलेला नाही,’ असा अर्थ त्यांनी लावला आणि तेही गप्प बसले.

एका वर्षी पत्नीने आग्रह धरला, “या वेळी संदेश नको, आपण जाऊन येऊ.” पर्युषण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी दोघे गेले. थोरले ओट्यावर पाठमोरे बसले होते. “दादा,” अशी हाक मारली, तरी मान वळली नाही. क्षणभर धाकट्यांना वाटले, परत फिरावे. पण पत्नी पुढे झाली होती. जवळ जाऊन त्यांनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा थोरले दचकले, वळले आणि पाहतच राहिले. त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. वाजलेला फोन त्यांना कळत नसे. फोन नातवाच्या हाती असे, आणि आलेल्या प्रत्येक संदेशाला जोडलेले हात धाडून देण्याचे कामही तोच करी. धाकट्याचा एकही संदेश थोरल्यांनी पाहिलेला नव्हता. धाकटा आपल्याला विसरला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

त्या दिवशी वहिनींनी आग्रहाने जेवू घातले. गोदामाचा विषय निघाला नाही. तो अद्यापही पुरता मिटलेला नाही. परंतु बाजार बंद असतो त्या दिवशी धाकटे आता महिन्यातून एकदा गावी जातात, दादांच्या उजव्या कानाशी बसून मोठ्याने बोलतात, आणि न समजलेले वहीवर लिहून दाखवितात. पाच वर्षांत तंत्राच्या दृष्टीने एकही संदेश चुकला नव्हता, आणि तरीही ज्याची क्षमा मागायची त्याच्यापर्यंत काहीच पोहोचले नव्हते.

लिहिलेला शब्द आणि प्रत्यक्ष सहवास यांतील हा फरक शरीरालाही कळतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी लहान मुलींना मुद्दाम थोड्या ताणाच्या प्रसंगात घातले आणि नंतर आईशी संपर्क करू दिला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार आई जवळ असली किंवा फोनवर तिचा आवाज ऐकू आला, तर ताण दर्शविणारे संप्रेरक उतरले. जिला आईचा केवळ लिखित संदेश मिळाला, तिच्यात ते संपर्कच न झालेल्या मुलीइतकेच राहिले. मायेच्या शब्दांना आवाजाची आणि सान्निध्याची जोड लागते, ती अशी. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 च्या अहवालात जगातील दर सहा जणांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे म्हटले आहे. हातोहाती फोन असलेल्या काळातील हा आकडा आहे.

व्यापारी घरांना थकबाकीची भाषा चांगली समजते. कर्जाचा हप्ता वा व्याज 90 दिवसांहून अधिक थकले की बँक ते खाते अनुत्पादक ठरविते. कषायांनाही मुदती आहेत. श्वेतांबर कर्मग्रंथांच्या परंपरेत पंधरवड्यात शमणारा कषाय संज्वलन, चार महिन्यांपर्यंत राहणारा प्रत्याख्यानावरण, वर्षभर टिकणारा अप्रत्याख्यानावरण आणि जन्मभर न सुटणारा तो अनंतानुबंधी. पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक प्रतिक्रमणांचा क्रम या मुदतींशी जुळतो. वर्ष उलटण्यापूर्वी खाते मिटवावे, हा त्यातील भाव आहे. थकलेले खाते शुभेच्छापत्र पाठवून नियमित होत नाही. त्यासाठी समोरासमोर बसावे लागते.

याचा अर्थ दुरून क्षमा मागूच नये, असा नव्हे. आपल्या संघांत विज्ञप्तिपत्रांची परंपरा होती. 1610 साली आग्र्याच्या संघाने आचार्य विजयसेनसूरींना पाठविलेले, उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने सजविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. पण ते पत्र एका विशिष्ट व्यक्तीसाठी मन लावून सिद्ध केलेले होते, आणि जिथे पायी जाणे सोपे नव्हते अशा अंतरासाठी होते. साठ किलोमीटरसाठी, किंवा वरच्या मजल्यावरील चुलत्यांसाठी, ती सबब पुढे करता येत नाही.

यंदा पर्युषणापूर्वी घरातील कर्त्यांनी एका कागदावर मोजकी नावे लिहावीत. ज्यांच्याशी अबोला आहे ती आधी, आणि जे एकटे राहतात ती त्यानंतर. गावातल्यांकडे पायी जावे, जवळच्या गावी गाडी काढावी, आणि परदेशी वा दूरच्या शहरी असलेल्यांना संदेशाऐवजी आवाज ऐकवावा. सोबत एखादे नातवंड न्यावे. क्षमा मागताना आजोबांचा स्वर कसा होतो, ते त्याने पाहिलेले असावे. दार उघडले जाईलच, याची हमी नाही. काही ठिकाणी पाण्याचा पेलाही पुढे होणार नाही. तरीही गेलेल्याचे खाते त्याच्याकडून नियमित होते; समोरच्याचे त्याने पाहावे.

चारशे जणांना चित्र खुशाल जावे. त्या कागदावरील नावांना मात्र ते पाठवू नये. त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आपण जावे.