घाम इथला, मग शिधा परगावचा कसा?



२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता दिल्लीहून हुकूम सुटला आणि चार तासांत देशाला कुलूप लागले. शिरूर तालुक्यात रांजणगाव, सणसवाडीचे बहुतेक कारखाने थंडावले. दहा बाय दहाच्या खोलीत पाच-सहा जण राहणारा बिहारचा, उत्तर प्रदेशचा मजूर रेशन दुकानात गेला, तर त्याचे कार्ड इथे चालेना! ती दोन राज्ये एक देश एक रेशनकार्डात आली १ मे रोजी. बिनकार्डवाल्याला माणशी पाच किलो धान्य जाहीर झाले १४ मे रोजी. म्हणजे पन्नास दिवसांनी. पोट काय पन्नास दिवस थांबते?

कोणी म्हणेल, ते परप्रांतीय, आपल्याला काय त्याचे? बरे, मग शिरूर-दौंडच्या फडातला ऊसतोड्या कोण? बीडचा, नगरचा, आपल्याच भाषेचा. घरी जायची परवानगी त्यालाही १७ एप्रिललाच मिळाली. शिरूरजवळ घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा, आणि तिथे जिल्हाबंदी! मराठी राज्य मिळवले ते रक्त सांडून. त्या राज्यात मराठी मजुराला नदी ओलांडता येऊ नये?

आणि आपण तरी मुंबईचे मूळचे कुठले? १८९६ च्या प्लेगात कोकणातला, घाटावरचा गिरणीवाला हजारांनी गावी पळाला. तेव्हा मालकांची तोंडे उतरली आणि माणूस टिकावा म्हणून रोजची मजुरी रोज हातात पडू लागली. गरज लागली की पैसा बरोबर सुटतो!

खालच्या माणसांनी काम केले, ते नाकारणार नाही. आशाताई दारोदार फिरल्या. शिवभोजन थाळी पाच रुपयांवर आली आणि तालुक्यापर्यंत पोचली. पण माणसे किती, कुठल्या खोलीत, कोणाच्या ठेक्यावर, याची यादीच नाही, तर वाटप करणार कशावर? १९७९ चा कायदा सांगत होता की परराज्यातले पाच मजूर आणणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, नोंद ठेवावी. ती नोंद कागदावरच राहिली. २०२० च्या नव्या संहितेने तर पाचाचे दहा केले! वाटेत किती मजूर मेले, याचा आकडा नाही, असे सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले. जालन्याहून भुसावळकडे निघालेले सोळा जण ८ मे रोजी करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली गेले. ते तरी मोजता आले.

ग्रामपंचायत कारखान्यांच्या जिवावर कर घेते, खोलीमालक भाडे घेतो, वाणी उधारी वसूल करतो. मजूर सगळ्यांच्या वहीत आहे, फक्त सरकारच्या वहीत नाही! पंचायतीने खोलीवार नोंदवही ठेवावी, ठेकेदाराची सही घ्यावी. पाणी, दवाखाना, शिधा त्या वहीवर मिळावा, गावच्या कार्डावर नव्हे.

१ मेला ग्रामसभा असते. शिरूर-दौंडकडे ज्यांचे भाऊबंद आहेत त्यांनी त्यांना कळवा: सभेला जा, उभे राहा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याला विचारा, "वही कुठे आहे? दाखवा!"