शेवटची किल्ली कुणाच्या खिशात?

'पवित्र' हा शब्द ऐकला की आपल्या कपाळावर आठी पडते. पडणारच. याच शब्दाची काठी करून आपल्याला पाणवठ्यावरून हाकललं, देवळाच्या पायरीवर अडवलं. मग ऑस्ट्रेलियात आदिवासींची पवित्र स्थळं राखणारी सरकारी कचेरी आहे म्हटलं, की आपला एखादा गडी फटकन म्हणेल, दगडधोंडे राखायला पगारी माणसं कशाला? शाळा द्या, दवाखाने द्या!

थांब दोस्ता. तिथला हिशेब उलटा आहे. १७८८ साली गोरा तिथं वस्तीला उतरला आणि ही जमीन कुणाचीच नाही असं धरून बसला. हे थोतांड त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयानं मोडायला १९९२ साल उजाडलं. ज्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांचा सातबारा म्हणजे ती टेकडी, तो पाणवठा, त्याची कथा, त्याचं गाणं. टेकडी फोडली की सातबारा फाटला. काही जागी बायांना मज्जाव, काही जागी बाप्यांना. त्यावर वाद घालायचा तर तो तिथली माणसं घालतील. खाणवाल्यानं त्यात पडायचं कारण नाही.

नॉर्दर्न टेरिटरीत १९८९च्या कायद्यानं ॲबोरिजिनल एरियाज प्रोटेक्शन ऑथॉरिटी काम करते. मंडळ १२ जणांचं. त्यातले १० स्थळांचे आदिवासी राखणदार, ५ बाया, ५ बाप्ये. रस्ता काढायचाय, खाण खणायचीय? अर्ज करा. मग कचेरीचा माणूस म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठतो, त्यांच्याबरोबर रान तुडवतो, कुठं हात लावायचा नाही ते नकाशावर आणतो. गुपित म्हणून सांगितलेलं चव्हाट्यावर मांडायचं नाही, हाही त्याच्या कामाचाच भाग.

हे नुसतं कागदी नाही. 'दोन बाया बसल्यात' अशा नावाचं एक स्थळ. २०११ साली शेजारच्या मँगनीज खाणीच्या स्फोटांनी त्याचा भाग ढासळला. ऑथॉरिटीनं कंपनीला कोर्टात खेचलं. २०१३ साली दीड लाख डॉलर दंड झाला. काकडूच्या सरकारी उद्यानानं गुनलोम धबधब्याजवळ परवान्याशिवाय पायवाट बांधली, तेव्हा सरकारी खात्यालाही सोडलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२४ साली तिथं ऑथॉरिटी जिंकली.

आता शेजारचं वेस्टर्न ऑस्ट्रेलिया बघा. जूकन घळीत ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणसाच्या वावराच्या खुणा होत्या. रिओ टिंटो कंपनीला २०१३ साली मंत्र्याची परवानगी मिळाली. २०१४ साली तिथं माणसाच्या केसांचा ४ हजार वर्षांचा पट्टा सापडला, आजच्या तिथल्याच माणसांशी रक्ताचं नातं सांगणारा. परवानगीचा फेरविचार? नाव नको! कायदा १९७२चा. मंत्र्याच्या निर्णयावर अपील तेव्हा कंपनीला होतं, जमिनीच्या माणसाला नव्हतं. २४ मे २०२० रोजी सुरुंग उडाला. सगळं कायदेशीर. बोंबाबोंब झाली, तीन बडे साहेब गेले. २०२३च्या जुलैत नवा कायदा आला आणि ऑगस्टमध्ये सरकारनं तो गुंडाळायचं जाहीर केलं.

म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी स्वर्ग का? छट्! ऑथॉरिटीनं नकार दिला तरी अर्जदार मंत्र्याकडे जाऊ शकतो आणि मंत्री स्वतःच्या सहीनं परवाना देऊ शकतो. खाणीचे पट्टे वाटणारं सरकार आणि राखणदारांचा पगार काढणारं सरकार एकच. शेवटची किल्ली मंत्र्याच्या खिशात.

तरी मी म्हणतो, ती नोकरी करावी. डोळे उघडे ठेवून करावी. तिथल्या नोकरदाराची पारख एकाच गोष्टीवर : म्हातारीनं रानात उभं राहून म्हटलेलं 'नाही' साहेबाच्या टेबलापर्यंत 'नाही' म्हणूनच पोचतं, की वाटेत त्याचं 'काही अटींवर हो' होतं? आपलीही पोरं शिकून सरकारी खुर्च्यांवर बसतायत. त्यांनाही हाच सवाल. आणि खुर्चीबाहेरच्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं : मंडळावर १० माणसं आपली असली, तरी किल्ली मिळेपर्यंत लढाई संपलेली नसते.