सायबर सैन्याचे दार कोणासाठी?

यापुढच्या लढाईत पहिला वार सीमेवरच होईल, असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज केंद्राच्या प्रशासकीय कामाच्या संगणकात मालवेअर शिरल्याचे अणुऊर्जा महामंडळाला कबूल करावे लागले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि कित्येक दिवस रुग्णांच्या नोंदी हाताने कागदावर कराव्या लागल्या. त्या रांगेत तिष्ठत राहिला तो गोरगरीबच. नागरी यंत्रणांची ही गत, तर सैन्याच्या यंत्रणांवर डोळा असणारे किती असतील? म्हणून सायबर संरक्षणाचे संशोधन, नमुना यंत्रणांची निर्मिती आणि प्रशिक्षण यांवर सरकारने जरूर खर्च करावा. आमचा सवाल वेगळा आहे. जनतेचा हा पैसा कोणाच्या दारी जातो?

२०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या निधीपैकी २५ टक्के वाटा उद्योग, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना खुला करण्यात आला. त्याआधी २०१८ मध्ये 'आयडेक्स' योजना आली. नवी यंत्रणा तयार करण्यासाठी ती दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान देते. मात्र बरोबरीचा वाटा स्वतः उभा करावा लागतो. ज्याच्या बापाने आयुष्यभर मजुरी केली, त्या पोराने हा वाटा कोठून आणावा? खासगी कंपनीत जावे, तर तेथे आरक्षण नाही. सरकारी प्रयोगशाळेत जावे, तर गट 'अ'च्या सर्वांत खालच्या श्रेणीवरील संशोधनाची शास्त्रीय-तांत्रिक पदे आरक्षणातून वगळण्याची तरतूद आहेच. राज्यघटनेचे कलम १६(४) या उंबऱ्याबाहेरच थांबते.

हे आपल्याला नवे नाही. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ जातीं'चा सिद्धांत पुढे करून इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये त्याविरुद्ध सरकारकडे अर्ज केला. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. तेव्हा जात विचारून दार लावले. आज भांडवल आणि 'गुणवत्ता' विचारून लावले जाते. ज्या महूच्या छावणीत बाबासाहेब जन्मले, त्याच महूत आज लष्कराच्या दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात सायबर युद्धाचे शिक्षण दिले जाते. त्या वर्गात आमची मुले किती?

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांना बरोबरीच्या वाट्याची अट माफ करा. मराठवाडा-विदर्भातील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयांत आणि तंत्रनिकेतनांत सायबर प्रयोगशाळा काढा. विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्या. संशोधनाची पदे आरक्षणाच्या कक्षेत आणा. निधी मिळालेल्यांची प्रवर्गनिहाय आकडेवारी दरवर्षी संसदेपुढे ठेवा. गुप्तता शस्त्रांची असावी, सामाजिक न्यायाच्या हिशेबाची नव्हे.

डीआरडीओला माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने बव्हंशी वगळले आहे. तेव्हा नुसत्या अर्जाने भागणार नाही. आपल्या मतांवर निवडून गेलेल्या खासदारांना हा प्रश्न संसदेत विचारायला भाग पाडा. विचारणार नसतील, तर पुढच्या वेळी ते मते मागायला वस्तीत आले की आपण त्यांना विचारू.