हिरडीखालचे हाड

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत हंगामात सकाळपासून उभ्या राहणाऱ्या व्यापाऱ्याला दातांकडे पाहण्यास सवड कोठली? ब्रश करताना रक्त आले तर ते उष्णतेवर ढकलले जाते. हिरड्यांचा विकार बहुधा दुखत नाही, हीच त्याची लबाडी. दात हलू लागल्यावर नाशिक गाठले जाते, तेव्हा एक्स-रेमध्ये दाताभोवतीचे हाड झिजलेले दिसते. मुळापर्यंत सफाई करून रोग थांबविता येतो. गेलेले हाड मात्र बहुतेक परतत नाही.

म्हणूनच स्टेम सेल, अर्थात मूलपेशी, या शब्दाचे आकर्षण वाटते. दाताचे मूळ हाडाशी बांधून ठेवणाऱ्या तंतूंमध्ये अशा पेशी असतात, हे अमेरिकेतील संशोधकांनी 2004 मध्ये दाखविले; त्या पेशी काढून टाकलेल्या अक्कलदाढांतून मिळविल्या होत्या. चीनमध्ये रुग्णांच्या स्वतःच्या पेशी हाडाच्या भुकटीसह त्यांच्याच हिरडीखाली भरून पाहण्यात आल्या. 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: उपचार सुरक्षित, हाडही भरले, परंतु नुसत्या भुकटीहून लक्षणीय अधिक नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताचे काही विकार वगळता मूलपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. दवाखान्यात शुल्क आकारून हा उपचार देणे त्यांत बसत नाही. मुलांचे दुधाचे दात 'बँकेत' ठेवण्याच्या व्यवसायालाही त्यांत मान्यता नाही. मान्यता आहे ती नाळेतील रक्ताच्या साठवणुकीला.

जैन कुटुंबांसाठी आणखी एक प्रश्न आहे आणि तो सहसा कोणी विचारत नाही. पेशी स्वतःच्या असल्या तरी प्रयोगशाळेत त्या वाढविण्यासाठी अनेकदा गाईच्या गर्भातील वासराच्या रक्ताचा द्रव वापरतात. चीनमधील त्या प्रयोगातील भुकटीही गोवंशाच्या हाडाची होती. आज सर्रास होणाऱ्या हिरडीच्या शस्त्रक्रियांतही अशी भुकटी, प्राणिज कोलॅजनचे पडदे किंवा डुकराच्या दातांपासून काढलेले प्रथिन असू शकते. संमतिपत्रावर सही करताना हे क्वचितच लक्षात येते. कॅल्शियम फॉस्फेटची कृत्रिम भुकटी मिळते; रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेला फायब्रिनचा थरही वापरता येतो. प्रत्येक दाताला ते पुरेसे ठरेलच असे नाही, तो निर्णय तज्ज्ञाचा. पदार्थ कशापासून बनला, हे विचारण्याचा अधिकार मात्र रुग्णाचा, आणि तो शस्त्रक्रियेच्या खुर्चीत बसण्यापूर्वीच बजावलेला बरा. नाशिकला पंचवटीतील दंत महाविद्यालयात हिरडीरोगांचा स्वतंत्र विभाग आहे. रक्त दिसू लागताच तेथे गेल्यास बहुधा सफाईवरच भागते.